घरातील जुना कॅमेरा

दिवाळीपूर्वीची झाडलोट हा आमच्या घरात दरवर्षी एक लहानसा न्यायनिवाडाच असतो. माळ्यावरची प्रत्येक वस्तू खाली येते, तिची साक्षीदारांसमक्ष चौकशी होते आणि मग तिला ठेवावयाचे की घालवावयाचे, याचा निर्णय लागतो. यंदा आरोपीच्या पिंजऱ्यात आमचा कॅमेरा उभा होता. फिर्यादी होता आमच्या पुतण्याचा मुलगा. कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहे, हुशार आहे, आणि नव्या वस्तूंच्या किमती त्याला तोंडपाठ असतात.

"आजोबा, हा विकून टाकू या का?" त्याने विचारले.

"का रे? बंद थोडाच पडला आहे?"

"बंद नाही, पण जुना झालाय. सहाच मेगापिक्सेलचा आहे. माझ्या फोनला पन्नास आहेत."

त्याने बाजारात भावही काढून ठेवला होता. तो ऐकून आम्ही मनाशी हिशेब केला. चार माणसे खानावळीत बऱ्यापैकी जेवली, तर जेवढे बिल व्हावे, तेवढाच तो भाव होता. वहिनींनी मध्यस्थी केली म्हणून खटला तहकूब झाला. त्या रात्री आम्ही त्या कॅमेऱ्याचा आणि त्याच्यामुळे आम्हांस घडलेल्या शिक्षणाचा विचार करीत बसलो. त्यातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. ज्यांच्या कपाटात असे एखादे यंत्र पडून आहे, त्यांस ते उपयोगी पडेल.

कॅमेरा निकॉन कंपनीचा, डी ४० ह्या नावाचा. तो २००६ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला आणि २००७ साली, थोरल्या पुतणीच्या लग्नाच्या निमित्ताने, आम्ही तो घेतला. शाळामास्तराच्या पगारात तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. 'एवढ्यात एक पाटल्यांची जोडी झाली असती' असे आमच्या कुटुंबाचे तेव्हाचे मत होते आणि ते त्यांनी अद्यापि बदललेले नाही.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि पुढे पाठशाळेतील संस्कृताचे. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध बेताचाच. तरी हे यंत्र आम्हांस समजले, कारण त्याची रचना समजण्याजोगी आहे. समोरच्या भिंगातून आत आलेला प्रकाश तिरप्या बसविलेल्या एका आरशावर पडतो, तेथून वर जातो, आणि वरच्या आरशांच्या घुमटीतून फिरून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे जे भिंग चित्र टिपणार, त्याच भिंगातून आपण पाहत असतो. कळ दाबली की आरसा पापणीसारखा वर उचलला जातो, मागचा पडदा क्षणभर उघडतो, आणि पूर्वी जेथे फिल्म असे तेथे बसविलेल्या प्रकाशग्राही पट्टिकेवर, म्हणजे सेन्सरवर, प्रकाश पडतो. 'खटक्' असा जो आवाज येतो तो ह्या आरशाचा आणि पडद्याचा. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश आणि पाहण्या-टिपण्यास एकच भिंग, म्हणून एसएलआर हे नाव.

ह्या पट्टिकेची कुळकथाही मनोरंजक आहे. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ते क्रमाने मोजावयाची सीसीडी नावाची युक्ती १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्यांनी काढली. तिच्याबद्दल २००९ साली त्यांस भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने १९७५ साली तिच्यावर पहिला डिजिटल कॅमेरा रचला. त्याच्या चित्रात शंभर आडवे आणि शंभर उभे, असे अवघे दहा हजार बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास तेवीस सेकंद लागत. पट्टिकेला रंग कळत नाही, उजेडाचे कमी-जास्त तेवढे कळते. त्याच कंपनीतील ब्राइस बायर ह्यांनी १९७६ साली पेटंट मिळविलेल्या योजनेत बिंदूंवर लाल, हिरव्या व निळ्या काचांची चौकट बसविली, आणि मानवी डोळ्याला हिरव्याच्या आसपासचा उजेड अधिक नेमका कळतो म्हणून हिरव्या काचा दुप्पट ठेवल्या. आमच्या कॅमेऱ्यातील पट्टिका सीसीडीच जातीची आणि तिच्यावरची चौकट बायरची. माळ्यावरच्या त्या काळ्या डबीत एवढी परंपरा बसलेली आहे.

आता नातवाच्या आक्षेपाकडे वळू. सहा मेगापिक्सेल म्हणजे किती? ह्या कॅमेऱ्याचे चित्र ३००८ बिंदू रुंद आणि २००० बिंदू उंच असते. गुणाकार साठ लाखांच्या थोडा वर जातो. चांगल्या छपाईस इंचाला तीनशे बिंदू पुरतात. आल्बमात लावावयाचा फोटो सहा इंच बाय चार इंचांचा. त्याला १८०० गुणिले १२००, म्हणजे एकवीस लाख साठ हजार बिंदू हवेत. आमच्याजवळ त्याच्या पावणेतीनपट आहेत. दहा इंच रुंद फोटोही त्यातून स्वच्छ निघतो. शिवाय चित्राची रुंदी-उंची आणि ६ बाय ४ च्या कागदाची रुंदी-उंची ह्यांचे प्रमाण जवळजवळ तंतोतंत सारखे, तिनास दोन, असल्यामुळे कडेला उभ्या असलेल्या आत्याबाई छपाईत कापल्या जात नाहीत. सारांश, फोटो कागदावर यावयाचा असेल तर हे यंत्र २००७ साली जेवढे पुरेसे होते तेवढेच आजही आहे. कागद काही मधल्या काळात मोठा झालेला नाही.

त्याचे दोषही लपविण्याचे कारण नाही. अंधाऱ्या माजघरात फोनचे चित्र आमच्यापेक्षा सरस येते, हे आम्ही मान्य करतो. आमच्या कॅमेऱ्याची प्रकाशग्रहणशक्ती, जिला आयएसओ म्हणतात, ती ८०० च्या पुढे नेली की चित्रावर रव्यासारखे कण दिसू लागतात. त्यात चलच्चित्र घेता येत नाही. मागच्या पडद्यावर पाहून नेम धरता येत नाही, डोळा खिडकीलाच लावावा लागतो. भिंगाचा नेम आपोआप जुळविणारी मोटर कॅमेऱ्याच्या अंगात नाही. जी भिंगे स्वतःची मोटर घेऊन येतात तीच आपोआप जुळतात. आम्ही एका फोटोग्राफर स्नेह्याकडून फिल्मच्या काळातील ५० मि.मी.चे एक भिंग घेतले. ते ह्या कॅमेऱ्यावर बसते, उजेडही मोजते, परंतु नेम मात्र हाताने कडे फिरवून जुळवावा लागतो. जुळला की खिडकीत कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. आरंभी ह्याचा त्रास वाटे. पुढे ध्यानात आले की, कडे फिरविता फिरविता माणसाकडे नीट पाहणे होते. आपला भाऊ हसताना डावी भुवई वर करतो, हे चाळीस वर्षांत आमच्या लक्षात आले नव्हते, ते त्या खिडकीतून आले.

२०१० च्या एप्रिलातील एका दुपारची गोष्ट. माजघराच्या खिडकीशी आई वाळलेल्या कुरडया डब्यात भरीत बसली होती. पश्चिमेचा उजेड आडवा येऊन तिच्या हातांवर पडला होता. तिला फोटोचा मनस्वी तिटकारा. "फोटो माणूस गेल्यावर लावतात, मी अजून बसले आहे," असे ती म्हणे. त्या दिवशी मात्र कुरडयांच्या गणतीत गुंतल्याने तिचे आमच्याकडे लक्ष नव्हते. आम्ही कडे फिरविले, ठिपका लागला, आणि एकच चित्र घेतले. खटका ऐकून तिने वर पाहिले, पण तोवर काम झाले होते. पुढच्याच वर्षी आई गेली.

आता आमच्या चुकांचा पाढा. कॅमेऱ्यातील चित्रे आम्ही संगणकावर उतरवीत असू आणि कार्ड पुसून पुन्हा वापरीत असू. कार्ड पुसण्यात आम्हांस मोठा टापटिपीचा आनंद होई. दुसरी प्रत कोठेही नव्हती. २०१३ साली एका सकाळी संगणकाने 'टक्-टक्' असा आवाज केला आणि तो उघडेनासा झाला. जाणत्या माणसास दाखविले. त्याने सांगितले की, आतील फिरती चकतीच खरवडली गेली आहे, आता काही हाती लागणार नाही. सहा वर्षांची चित्रे, पुतणीचे लग्न, दोन मुंजी, काशीयात्रा, आणि खिडकीशी बसलेली आई, एका सकाळीत गेली. दोष यंत्राचा म्हणावा तर यंत्र कधी तरी बंद पडावयाचेच. दोष आमचा, की आम्ही एकाच यंत्राच्या भरवशावर सगळे ठेवले.

तरी एक समाधान होते. दरवर्षी निवडक चित्रे छापून आल्बमात लावण्याचा आमचा परिपाठ होता; असे दोनशेच्या वर फोटो घरात होते. कागद कोठे जातो, असे म्हणून आम्ही निश्चिंत झालो. पण आमचे घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून फार लांब नाही. २००५ च्या महापुरात पाणी जेथवर आले होते, तेथे आम्ही भिंतीवर खूण करून ठेवली होती आणि आल्बमांचे कपाट त्या खुणेच्या वर होते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाईने ती खूण जुमानली नाही. आम्ही मंडळी वेळेवर बाहेर पडलो, माडीवरचा कॅमेरा कोरडा राहिला, परंतु आल्बम आठ दिवस गढूळ पाण्यात बुडाले.

परत आल्यावर आम्ही दुसरी चूक केली. ती मुद्दाम सांगतो, कारण नदीकाठच्या वाचकांस तिचा उपयोग होईल. भिजलेले आल्बम आम्ही जसेच्या तसे गच्चीवर उन्हात ठेवले. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. तो भिजून चिकट होतो, आणि वाळताना शेजारच्या फोटोला धरून बसतो. चार दिवसांत प्रत्येक आल्बमाची वीट झाली. पुढे कळले ते असे: भिजलेले फोटो ओले आहेत तोवरच, घाई न करता, एकेक सोडवावे, थंड स्वच्छ पाण्यात हलके खळबळून गाळ काढावा, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, आणि सावलीत, चित्राची बाजू वर करून, सुटे सुटे वाळवावे. त्या दिवशीच सगळे करणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोठवणपेटीत ठेवावे आणि सवडीने थोडे थोडे काढावे. आम्हांस हे ज्ञान झाले तेव्हा विटा तयार झाल्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीत बेळगावहून आमची थोरली बहीण आली. आक्काचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात. भाऊबीजेची ओवाळणी झाल्यावर तिने पिशवीतून साडीच्या कापडात बांधलेले एक पुडके काढले आणि आमच्या हाती दिले. "तुम्हीच वेळोवेळी पाठवलेत. आता तुमच्याकडे नाहीत म्हणून घेऊन आले," एवढेच ती म्हणाली.

आत एक्केचाळीस फोटो होते. फोटो छापून आणले की त्यातले चारदोन आई आक्काला पोस्टाने धाडीत असे, हे आम्ही साफ विसरलो होतो. त्यांत खिडकीशी बसलेली आई होती. तिला तो फोटो आवडला नव्हता, असे आम्ही आजवर समजत होतो. तो उलटा करून पाहतो तो मागे तिच्याच अक्षरात दोन ओळी होत्या: 'कुरडया बुधवारच्या गाडीने पाठवीत आहे. फोटोत पाहून समाधान मानू नकोस.'

आमच्याने काही वेळ बोलवेना. वहिनींनी फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्या वर्षीच्या कुरडया खरेच चांगल्या झाल्या होत्या." मग सगळेच हसले.

धनाच्या गती तीन, दान, भोग आणि नाश, असे आम्ही तीस वर्षे वर्गात शिकविले. मुलांकडून पाठ करून घेतले, परीक्षेत गुण दिले आणि चुकल्यास कापले. त्याचा अर्थ मात्र आम्हांस त्या पुडक्याने सांगितला. संगणकात साठविले त्याचा नाश झाला. आल्बमात लावून पाहिले, तो भोग झाला, आणि पुढे तेही पुराने नेले. आईने जे देऊन टाकले, तेवढेच आमच्याकडे परत आले. आम्ही ज्याला जपणूक म्हणत होतो ती साठवण होती. जपणूक आई करीत होती, आणि तीही पाच रुपयांच्या तिकिटात.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम झाले आहेत. पहिला, कोणतेही चित्र तीन ठिकाणी झाल्याशिवाय कार्ड पुसावयाचे नाही: एक प्रत घरच्या संगणकावर, एक सुट्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या गावी, पुतणीच्या घरी पुण्यास. दुसरा, वर्षातून एकदा बारा चित्रे निवडावयाची, छापावयाची, आणि प्रत्येक लेकीच्या घरी एकेक संच धाडावयाचा. बाराच का, तर शंभर धाडल्यास कोणी पाहत नाही. तिसरा, प्रत्येक फोटोच्या मागे कोण, कोठे, केव्हा, हे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने, अगर कागद गुळगुळीत असल्यास फोटोसाठी मिळणाऱ्या पेनाने, लिहावयाचे. नावे न लिहिलेला फोटो दोन पिढ्यांनी परक्याचा होतो.

आक्काने आणलेल्या फोटोंच्या प्रती आम्ही त्याच कॅमेऱ्याने केल्या. रीत सोपी आहे. खिडकीपाशी, जेथे ऊन थेट येत नाही अशा टेबलावर फोटो सपाट ठेवावा. तिपाईवर कॅमेरा बरोबर त्याच्या समोर, कागदाशी समांतर धरावा, म्हणजे बाजू तिरप्या येत नाहीत. फ्लॅश लावू नये, चकाकी येते. बोटाच्या धक्क्याने कॅमेरा हलू नये म्हणून कळ उशिरा सुटण्याची योजना वापरावी. मागच्या बाजूचेही चित्र घ्यावे. अक्षर हाही चेहराच आहे.

यंत्राच्या निगेविषयी थोडे. पावसाळ्यात कातडी पिशवीत घालून कपाटात कोंडलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि तिचे कोळिष्टकासारखे धागे काच खातात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ते ठेवावे आणि पुड्यांनी रंग बदलला की त्या बदलाव्यात. बॅटरी महिनोन् महिने आत ठेवू नये. आमची मूळची थकल्यावर आम्ही दुसरी घेतली. ती अजून बाजारात मिळते. कार्ड मात्र ३२ जीबीपर्यंतचेच घ्यावे, त्याहून मोठ्या नव्या जातीची कार्डे हा कॅमेरा ओळखत नाही. कोणास असा जुना कॅमेरा विकत घ्यावयाचा असेल तर भिंग उजेडासमोर धरून बुरशी पाहावी, भिंगाचे छिद्र बारीक करून मोकळ्या आकाशाचे एक चित्र घ्यावे, म्हणजे पट्टिकेवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उघडी पडते, आणि आजवर किती चित्रे घेतली गेली हे जाणकाराकडून चित्राच्या नोंदीतून काढून घ्यावे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे कारखानदारांचा ओढा आता वळला आहे. निकॉननेही २०१८ साली तशी नवी मालिका काढली. त्यामुळे आरशाचे चांगले कॅमेरे आज थोडक्या पैशांत मिळतात. होतकरू मुलास शिकावयास ह्याहून स्वस्त गुरू मिळणे कठीण.

असो. तहकूब खटल्याचा निकाल सांगावयाचा राहिला. पाडव्याच्या दिवशी नातवाने कॅमेरा मागितला. आम्ही ५० मि.मी.चे भिंग लावून दिले आणि एकच अट घातली की, पणजीबाईंच्या त्या खिडकीशी वहिनी बसतील, त्यांचे एकच चित्र घ्यावयाचे. मुलगा पाऊण तास कडे फिरवीत बसला होता. मध्येच म्हणाला, "आजीच्या कानामागे एक तीळ आहे, माहीत होतं का तुम्हाला?" आम्हांस माहीत नव्हते.

चित्र थोडेसे हललेले आले आहे. तरी ते छापून आणले, मागे नाव-तारीख त्याच्याकडून लिहून घेतली, आणि एक प्रत बेळगावास रवाना केली. ह्या वर्षी कुरडया पाठविल्या नाहीत म्हणून आक्काचा फोन आला, त्याअर्थी फोटो पोचला.